दीडडोळ्याचा सातवा फर्मा

आमचे हे एकसष्ट वेळा मेले. दोनदा आगीत, एकदा विहिरीत, एकदा मगरींच्या तळ्यात, एकदा चालत्या आगगाडीच्या टपावरून पडून, आणि एकदा तर स्वतःच पाळलेल्या अजगराने गिळून. दर महिन्याला जायचे आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ठणठणीत परत यायचे. घाबरू नका, अजून आहेत. आत्ता बाहेरच्या खोलीत चष्मा शोधताहेत आणि तो त्यांच्या डोक्यावरच आहे. सापडेल तेव्हा सापडेल, मी सांगणार नाही.

मेले ते पुस्तकांत. एके काळी चार पैशांच्या रहस्यकथांची एक माळ दर महिन्याला निघायची. खिशात मावेल एवढं पुस्तक, एकशे बारा पानं, आणि प्रत्येक भागात तोच एक खलनायक. लांब काळा कोट, बोटात हिरव्या खड्याची अंगठी, खांद्यावर मांजर, आणि उजव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली. नाव दीडडोळ्या. हा म्हणे परमुलखातून आलेला. मुलूख कुठला, ते एकसष्ट भागांत लेखकमहाशयांनी एकदाही सांगितलं नाही. आपल्या गल्लीतला नाही, एवढं वाचणाऱ्याला पुरत होतं. जगावर राज्य करायचं हा त्याचा एकमेव उद्योग, आणि दर वेळी शेवटच्या पानावर एक कॅप्टन येऊन त्याला संपवायचा. कॅप्टनचे डोळे सरळ, दात सरळ, नाक सरळ. डोक्याने यथातथाच होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दीडडोळ्याचा चेहरा आमच्या ह्यांचा. हे त्याच छापखान्यात बाइंडर होते. जन्मापासून यांची उजवी पापणी अर्धी खाली. दिसतं अगदी स्वच्छ, फक्त पडदा पूर्ण वर जात नाही एवढंच. पहिल्या भागाचं मुखपृष्ठ काढायचं होतं त्या दिवशी पेंटरचा ठरलेला नट आलाच नाही. पेंटर वैतागून बाइंडिंगच्या खोलीत डोकावला आणि म्हणाला, "ए, जरा स्टुलावर बैस. असाच बैस. हलू नकोस." हे बसले. कुणी बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं, हा यांचा जन्मजात स्वभाव. मुंगी वाटेत आली तर पाय वळवून टाकणारा माणूस, पण पुस्तक बाजारात आलं आणि तीन गल्ल्या सोडून राहणारी पोरं यांना बघून घरात पळायला लागली.

मग काय विचारता! पानाच्या टपरीवर दीडडोळ्या, मालट्रकच्या पाठीवर दीडडोळ्या, उंदरांच्या औषधाच्या पुडीवर दीडडोळ्या. जत्रेत त्याचे मुखवटे. रेडिओवर त्याचं हसणं, "खी... खी... खी." सिनेमातले झाडून सगळे खलनायक एक डोळा अर्धा मिटून बोलायला लागले. त्यातल्या एकाचा म्हणे तसाच राहिला, पण ते ऐकीव. वर्तमानपत्रात ज्या पुढाऱ्याची चेष्टा करायची, त्याच्या डोळ्यावर चित्रकार अर्धी पापणी ओढून मोकळा. कुणी मापात मारलं की गिऱ्हाईक म्हणणार, "काय हो, दीडडोळेपणा करता!" ज्यांनी पुस्तक कधी हातात धरलं नाही, त्यांच्याही तोंडी तो बसला. माळ बंद पडून चाळीस वर्षं झाली, तरी मेला जात नाही. माझ्या जावयाच्या फोनमध्ये त्या अर्ध्या डोळ्याचं स्टिकर आहे. कुणी लबाड बोललं की पाठवायचं. सासऱ्याचा डोळा जावई जगाला वाटतो, आणि ते बघून सासरे खूश!

हो, खूश. ते लपवत नाही मी. यांना त्याची मौज वाटायची. लग्नकार्यात पोरं भोवती जमली की हे कोट उलटा घालून "खी खी" करून दाखवायचे. मलाही वाटायची. खोटं कशाला बोलू?

आमची गाठ पडली तीही त्याच दीडडोळ्यापायी, आणि यांच्या हातून झालेल्या एका घोळापायी. तो घोळ नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

पुस्तक काही पानापानाने छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि त्याच्या घड्या घालतात. त्या घडीला म्हणतात फर्मा. एकशे बारा पानांचे सात फर्मे. लांब टेबलावर सात ढीग मांडायचे, एकेक फर्मा उचलत पुढे जायचं, सात झाले की शिवायचे, कण्याला खळ लावायची, वर मुखपृष्ठ चिकटवायचं. मालकांच्या दोन माळा होत्या, एक खुनांची आणि एक प्रेमाची. दोन्हींचा आकार तोच, पानांचे आकडे तेच. सदतिसाव्या भागाच्या वेळी पेंटरने यांना स्टुलावर दुपारपर्यंत अडकवून ठेवलं. मग घाईघाईत टेबल मांडताना यांनी सातवा ढीग चुकून प्रेमाच्या पुस्तकाचा ठेवला.

शहाण्णवाव्या पानावर कॅप्टन पिस्तूल रोखून म्हणतो, "दीडडोळ्या, हात वर! तुझा खेळ संपला!" दीडडोळ्या हळूच मान वळवतो आणि म्हणतो... इथे पान संपतं. आणि सत्त्याण्णवाव्या पानावर: "हळू बोला. आई आत्ताच झोपलीय. रात्रभर तिला खोकल्याने डोळा लागू दिला नाही. तुम्ही उभे का? बसा ना."

पुढची सोळाही पानं प्रेमकथेच्या नायकाचं नावच येत नाही, नुसता "तो". तो आईला औषध देतो, तिच्या उशाशी बसतो, शेजारणीला पत्र लिहितो आणि फाडतो. एक हजार पुस्तकं अशी बाहेर पडली. वाचणाऱ्यांना वाटलं, दीडडोळ्या सुधारला! मालकांच्या टेबलावर पत्रांचा हा ढीग. निम्मी शिव्यांची, आणि निम्मी रडवेली.

मी तेव्हा एका वाचनालयात काउंटरवर बसत असे. घरी कादंबऱ्यांना बंदी, म्हणून मी नोकरीच तिथली धरली. एका सकाळी समोर सावली पडली. मान वर केली तर दीडडोळ्या! हे आजही सांगतात की मी किंचाळले. साफ खोटं. मी फक्त स्टुलावर चढले.

"घाबरू नका," हे म्हणाले, "सदतिसावा भाग परत न्यायला आलोय. चुकीचा बांधला गेलाय. मालक फार ओरडले."

"देणार नाही," मी स्टुलावरूनच म्हणाले. "मला हाच शेवट आवडलाय. छत्तीस भाग तो माणूस जेवला कुठे, झोपला कुठे, याची कुणी चौकशी केली का? आई होती बिचाऱ्याला!"

हे बराच वेळ पिशवीशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "मलाही आवडला. चूक माझीच आहे."

वाचनालयात पाच प्रती होत्या. चार दिल्या, एक मी साडीच्या घडीत घालून घरी नेली. पुढे हे दर आठवड्याला फाटकी पुस्तकं दुरुस्त करायला यायला लागले. फाटकी संपली तेव्हा दोन-तीन मी स्वतः फाडली. आता यापुढचं तुम्हाला सांगायला हवं का?

आता येते मूळ गोष्टीवर. आमची लेक आणि जावई आमच्याकडेच राहतात. दोघं दिवसभर कामावर, त्यामुळे नात आमच्या ताब्यात. आठ वर्षांची आहे. एका जागी बूड टेकत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिची उजवी पापणी आजोबांसारखी. जन्मली तेव्हा सुईणबाईने बाळ हातात दिलं आणि हे एकदम खुर्चीवर बसले. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, मोठी झाल्यावर हवं तर बघू. आम्ही म्हटलं, बघू. आणि विसरून गेलो. घरात दोन माणसांची पापणी तशी असली की ती घराचीच तऱ्हा होऊन जाते.

भिंगरीच्या शाळेत वार्षिक समारंभाचं नाटक ठरलं. बाईंनी लहानपणी वाचलेली दीडडोळ्याची गोष्ट छोटी करून लिहिली. बाई मनाने वाईट नाहीत हो, पण अक्कल कधीकधी रजेवर जाते. वर्गासमोर म्हणाल्या, "दीडडोळ्या आपली ही होईल. हिला रंगवायलाही नको!" सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत पोरं तिच्यामागे "खी... खी... खी" करत फिरली. हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी भिंगरी घरी आली, दप्तर ठेवलं आणि गप्प बसली. एका जागी. तिथेच मला कळायला हवं होतं, पण मला वाटलं, दमली असेल.

यांची मागची खोली म्हणजे अजून बाइंडिंगचं दुकानच आहे. पुठ्ठे, सुया, दोरा, आणि एका वाडग्यात कणकेची खळ. संध्याकाळी हे आत गेले आणि त्यांनी मला अशी हाक मारली की माझ्या हातातलं भांडं पडलं. भिंगरी आरशासमोर उभी होती. तिने बोटभर खळ घेऊन उजवी पापणी वर ओढून भुवईला चिकटवली होती. डोळा लालभडक, घळाघळा पाणी, आणि पोर ओठ दाबून उभी. "सुकेपर्यंत धरायचं ना आजोबा?" तिने विचारलं. "तुम्ही पुठ्ठ्याला धरता तसं?"

यांनी कोमट पाणी आणलं, मऊ फडकं आणलं. जुन्या पोथीचं चिकटलेलं पान सोडवतात तसं, केस न दुखवता, एकेक करून ती पापणी सोडवली. पाऊण तास लागला. सोडवून झाल्यावर पापणी पुन्हा अर्धी खाली आली. भिंगरीने आरशात बघितलं, मग यांच्याकडे बघितलं.

"आजोबा," ती म्हणाली, "आपण दोघं वाईट आहोत का?"

मी इतक्या वर्षांत यांना पुस्तकात एकसष्ट वेळा मरताना बघितलंय. खरोखरचं बघितलं ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी पोर शाळेत जाईना. डोळा नीट होईपर्यंत जाणार नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच. आई-बापाने समजावलं, चॉकलेट झालं, धाक झाला, काही उपयोग नाही. लेकीच्या अंगाचा तिळपापड झालेला. ती बाईंना फोन करून चांगलं झापणार होती, मीच फोन काढून घेतला. झापून भूमिका बदलली असती, पण प्रश्न तसाच राहिला असता. यांनी जेवण टाकलं. "मी त्या स्टुलावर बसलो नसतो तर," एवढंच घोकत होते.

मग उठले आणि सरळ लेखकमहाशयांच्या घरी गेले. ते आता नव्वदीला टेकलेत, दिवसभर खिडकीशी पडून असतात. यांनी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "साहेब, एकच भाग लिहा. त्यात त्याला चांगला करा."

"अरे, मी कुठे डोळ्याबद्दल लिहिलं होतं?" लेखकमहाशय म्हणाले. "पेंटरने चित्र आणून टाकलं, मी त्याच्याखाली गोष्ट लिहिली. पेंटर गेला, आता विचारणार कुणाला? आणि बाबा, रस्त्यापलीकडच्या टपरीवरून गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे की वाईट कोण. वाचून कळेपर्यंत थांबायला त्याला वेळ असतो का?"

"मग एक तरी चांगला."

"चांगला माणूस मला जमत नाही रे. एकशे बारा पानं भरत नाहीत त्याची."

हे हात हलवत परत आले. लेखक बोट दाखवणार पेंटरकडे, पेंटर तर गेला, म्हणजे तो डोळा कुणीच केला नव्हता. बरं आहे की नाही! ज्या माणसाने मला आयुष्यात खरोखर फसवलं, त्या बिल्डरचे डोळे इतके टपोरे आणि सुंदर होते की विचारू नका. पण त्याचे मुखवटे कुणी विकत नाही.

मला संताप आला. संताप आला की मला सुचतं. मी कपाट उघडलं, तळाच्या साडीच्या घडीतून तो सदतिसावा भाग काढला आणि यांच्यापुढे आपटला. "लेखकाच्या दारात कशाला जाता? तुम्ही स्वतः बदलला होता ना शेवट? दाखवा पोरीला!"

"अगं, ती चूक होती," हे म्हणाले.

"असेना का! हजार माणसांनी वाचली. मी तर तिच्याशी लग्न केलं."

यांनी भिंगरीला मागच्या खोलीत नेलं. मी दाराशी उभी राहिले, ऐकत होते असं नाही, पण ऐकू येत होतं. यांनी टेबलावर कोरे कागद घेतले, घड्या घातल्या, सात ढीग मांडले, आणि फर्मा म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. घाई कशी झाली, ढीग कसा चुकला, मालक कसे ओरडले. मग पुस्तक दिलं. शहाण्णव पानापर्यंत ती तोंड पाडून बसली होती. पुढे पान उलटलं आणि मला आतून हसू ऐकू आलं, तीन दिवसांनी. मग हसू थांबलं आणि ती शेवटपर्यंत वाचत राहिली.

"म्हणजे तो घरी चांगलाच होता," ती शेवटी म्हणाली. "बाकीच्या पुस्तकांत त्याला कुणी घरी जाऊच दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. आपणहून. "आणि नाटक?" मी विचारलं. "करणार," म्हणाली. आणि खेळायला पळाली. आमचा जीव अर्धाच भांड्यात पडला.

समारंभाला आम्ही तिसऱ्या रांगेत. हे कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. पडदा उघडला आणि भिंगरी लांब कोट घालून आली. बापाचाच कोट, लोळत होता. सभागृह खुशीत आलं. मागून कुणीतरी "खी... खी... खी" केलं. ती जगावर राज्य करण्याबद्दल जे काही बोलायचं ते अगदी पाठ केल्यासारखं बोलली. यांनी माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ दोन दिवस होते. मग कॅप्टन आला. वर्गाचा मॉनिटर, चुणचुणीत पोरगा, हातात पत्र्याचं पिस्तूल.

"दीडडोळ्या, हात वर! तुझा खेळ संपला!"

आता हिने खी खी हसून आडवं पडायचं. तसं ठरलेलं. भिंगरीने हात वर केले नाहीत. तिने हळूच मान वळवली. तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला. आई आत्ताच झोपलीय."

मॉनिटरचा आ वासलेला. त्याने बाजूला बाईंकडे पाहिलं. बाई हातातली वही उलटीपालटी करत होत्या.

"रात्रभर तिला खोकल्याने डोळा लागू दिला नाही," भिंगरी म्हणाली. "तुम्ही उभे का? बसा ना."

आणि आमच्या मागून पाचव्या रांगेतून एक म्हातारा ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "अहो, हा तर सदतिसावा भाग!" दुसऱ्या कोपऱ्यातून एक आजीबाई म्हणाल्या, "औषधाची बाटली! आता बाटली फळीवर ठेवतो तो!" आणि भिंगरीने कोटाच्या खिशातून खरंच एक बाटली काढून फळीवर ठेवली. चाळीस वर्षं ज्या चुकीला आम्ही दोघंच धरून बसलोय असं वाटत होतं, ती अजून कितीतरी जणांनी मनात जपून ठेवलेली. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. भिंगरीने पुन्हा तोंडावर बोट ठेवलं, आई झोपलीय म्हणून, आणि अख्खं सभागृह मुकाट्याने गप्प झालं.

मॉनिटर अजून पिस्तूल रोखून उभा. करतो काय बिचारा? त्याने एकदा पिस्तुलाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग ते खिशात घातलं, खुर्ची ओढून टेकला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काकूंना काय झालंय?"

मी रडले. उगाच नाटक कशाला, चांगली हुंदके देऊन रडले.

पडदा पडल्यावर भिंगरी कोट सांभाळत, माणसांच्या पायांतून वाट काढत आमच्यापाशी आली. मॉनिटर तिच्या मागेच होता, दीडडोळ्याच्या आईच्या तब्येतीचं पुढे काय झालं ते त्याला ऐकायचं होतं. ती यांच्या कानाशी लागली.

"आजोबा, मी फर्मा बदलला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आता बाई ओरडतील?"

ती मान वर करून बघत होती. यांनी आपला चष्मा काढला. यांचा अर्धा डोळा आधी भरतो, नेहमीच.

"ओरडू देत," हे म्हणाले, आणि त्यांनी पोरीला कोटासकट उचलून घेतलं. डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केलीय. मी कमरेची आठवण करून देणार होते, पण नाही दिली.